पुढचं वजन

चैत्रातल्या आंधीत रात्री शिसम पडला,
थाटीपूरच्या आमच्या गल्लीत, आडवा.
सकाळी दूधवाला पलीकडे, आम्ही अलीकडे,
पातेली फांद्यांवरून हातोहात गेली.
महापालिकेचा माणूस आला, चार डहाळ्या छाटून गेला.
म्हणाला, खोड तुमच्या आवारातलं, तुमचं तुम्ही बघा.

मग हरविलास आला, निळा ट्रॅक्टर घेऊन,
सोबत साखळी, दोन पहारी, आणि मनफूल,
जो बोलत नाही, नुसता
चाकाखाली लावायला दगड शोधत असतो.
साखळीचा फास बुंध्याकडून घातला.
शेंड्याकडून ओढलं तर लाकूड अडून बसतं, म्हणे.
मी वहीत लिहून घेतलं, उगाच.

गिअर. धूर. मागची चाकं मातीत शिरली
आणि पुढची दोन उचलली गेली, अलगद.
ट्रॅक्टर क्षणभर तारेवरच्या कावळ्यांकडे बघत राहिला,
मग धप्पकन खाली.
हरविलासनं घाम पुसला, गल्लीभर नजर फिरवली:
"कोई भारी आदमी चाहिए, आगे बैठने को."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ए. जी. ऑफिसात एकतीस वर्षं
मी शेवटच्या टेबलावर होतो, खिडकीला पाठ लावून.
दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा पुन्हा करायच्या,
लाल शाईची टिक मारायची.
लग्नांच्या फोटोत मागे, कडेला.
डॉक्टर म्हणतो, ब्याण्णव किलो, वीस तरी उतरवा.
हरविलास म्हणाला, "बाबूजी, आपको तो भगवान ने भेजा है."

बोनेटवर पोतं. पोत्यावर मी.
पुन्हा गिअर.
इंजिनाची थरथर मांड्यांतून दाढांपर्यंत आली,
चष्मा नाकावरून सूत सूत उतरत राहिला,
पण चाकं जमिनीवर राहिली.
राहिली!
मागे खोड कण्हलं, वळलं,
आमच्या फाटकाच्या खांबाला घासून
अंगाला चुन्याचा पट्टा लावून घेऊन निघालं.
गच्चीतून खानवलकरकाकू ओरडल्या, डोंगरे, सांभाळून हो!
हात हलवायचं मनात होतं,
पण दोन्ही हातांनी दिवे धरले होते.

नूर मिस्त्रीच्या आऱ्यावर वीज नव्हती.
मिस्त्री म्हणाला, हाच चालवेल.
चाकांना आडवी खोडकी लावली,
बाजूच्या पुलीवर रबरी पट्टा चढवला,
मधे एक पीळ देऊन, इंग्रजी आठासारखा.
आणि इतका वेळ जो ओढत होता
तो जागच्या जागी उभा राहून चिरू लागला.
पातं आत शिरलं तसा वास सुटला,
थोडा ताकाचा,
थोडा टोक काढलेल्या पेन्सिलीचा.
मनफूल दिवसात पहिल्यांदा बोलला: "हटो."
मी हटलो. भुसा बुटांत, भुवयांत, बनियनमध्ये.

फळ्यांवर खडूनं आकडे घालायचं काम मी मागून घेतलं.
एक ते अकरा.
मग सवयीनं पुन्हा मोजल्या.
दहा.
आठ गाळला होता.
एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं असं.
खडू हातात होता, पुसायला फडकंही होतं.
राहू दिलं.

मिस्त्री म्हणाला, सावलीत रचा, मधे पट्ट्या घाला,
वर्षभर हलवू नका, घाई केलीत तर वाकतील.
हरविलासनं ठरल्यातले पन्नास कमी घेतले.
वजनाचे, म्हणाला.

घरी आलो. इंदूनं विजार उजेडात धरली,
हे काळं कसलं? कुठे बसला होतात?
पुढे, मी म्हणालो.
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग माळ्यावर रॉकेल उरलंय का, ते पाहायला गेली.