श्वास रोखून

धरणगावात रोज तीस-चाळीस छात्या माझ्यासमोरून जातात.
हनुवटी वर. खांदे पुढे. पाटीला चिकटा.
श्वास घ्या. रोखा.
मी शिशाच्या आडोशामागे. बटण.
सोडा.
एवढ्या शब्दांवर माझं घर चालतं.

आज 'रोखा' म्हणाले आणि वीज गेली.
उखर्डू आप्पा तसेच उभे, उघडे, गाल फुगवून.
बटण मेलेलं, मी विसरले पुढचा शब्द,
शेवटी खोकल्यानंच त्यांना सोडवलं.

एकतीस वर्षं जिनात.
भुवया पांढऱ्या, रुईनं की वयानं कळत नाही.
बाकावर बसलो दोघं वीज येईतो.
बाहेर चव्वेचाळीस अंश, लिंबाखालची कुत्री धापा टाकत.
मी मोबाइलमधलं चित्र काढलं, कुण्या दुर्बिणीनं घेतलेला
आकाशाचा एक्स-रे:
मधोमध आडवी आकाशगंगा, पुठ्ठ्याच्या कडेएवढी,
तिच्यावर एक फुगा, तिच्याखाली एक.

"माय, काय से तठे?"

फुप्फुसं, असंच येणार होतं तोंडात.

सांगितलं, मधोमध एक विवर आहे,
गेलेला उजेड परत येत नाही असं.
पण त्याच्या तोंडाशी वायू आधी गरगरतो, तापतो,
आणि बराचसा आत जातच नाही,
झोत होऊन उधळतो.
आडवं जावं तर चकतीत दाटी,
म्हणून वर आणि खाली, अडवणारं जिथं विरळ.
दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचा झोत, म्हणतात,
भोवतालचा वायू रेटत रेटत त्यानं हे फुगवलं.
रेटलेलं कडेला साचतं, तापतं,
म्हणून कडाच उजळ.
एक फुगा ओलांडायला उजेडाला पंचेचाळीस हजार वर्षं.

आप्पा किती वेळ बघत होते.
मग म्हणाले, "हाई ते आमनं जिन से."
कापूस तोंडात टाका,
सरकी खाली, रुई पंख्याच्या झोतानं वर,
जेवढं टाकलं तेवढं गिळतं कुठलं ते!
आणि उडालेली सगळी गठाणीत थोडीच जाते,
काही छपराच्या पत्र्याला,
काही कोळ्याच्या जाळ्यात, आणि काही...
बोट छातीवर आलं होतं, ते त्यांनी खाली घेतलं.

वीज आली.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
पडद्यावर लांबट, ताणलेली दोन,
हवा आत शिरलेली आणि तिथंच राहिलेली.
काय ते डॉक्टर सांगतील,
मला बोलायची परवानगी नाही.

दोन्ही फोटो मागितले त्यांनी.
एक पिशवीत घातला,
दुसरा नातवाच्या नंबरावर पाठवला.
दारात चपला चढवताना विचारलं,
ते मधलं आता चालू आहे का?
नाही आप्पा, कधीचं गप्प आहे.
मग फुगे?
ते अजून फुगताहेत.

"हां," म्हणाले, "जिनही दोन साल झाले, बंदच से,"
आणि पायरीवर थांबले थोडं,
कठड्याला धरून.