खटका

काम एका ओळीत आलं:
सोबत येणारी अ‍ॅप्स वापरणाऱ्याला बंद करता यावीत.
खाली सतरा नावं, आणि नवव्या क्रमांकावर
माझं.
म्हणजे मी लिहिलेलं, बारा वर्षांपूर्वी, सुवॉनला,
याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर,
जिथून तेव्हा मोकळा प्लॉट दिसायचा
आणि आता दुसरी अशीच इमारत दिसते.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
बाबा ताआनच्या खाजणात शिंपले वेचायचे.
एकदा धुक्यात पाणी त्यांच्या आधी परतलं
आणि ते छातीपर्यंत भिजून घरी आले, हसत.
मी हसले नाही. सहा रात्री बसून
चंद्राला कोष्टकात बसवलं.
तेव्हाच्या साहेबांना ते आवडलं,
त्यांना गळ टाकून बसायचा नाद होता.
एवढ्याशा कारणाने ते
प्रत्येक फोनबरोबर आंदण गेलं,
परत न पाठवता येणारं.

मग तक्रारी येत राहिल्या.
उलानबातरहून: आमच्याकडे समुद्र नाही.
ला पाझहून: मी साडेतीन हजार मीटरवर राहतो,
पाणी इथवर आलं तर ते मला अ‍ॅपशिवायही कळेल.
एका बाईंनी नुसतंच विचारलं होतं, का?
तो का मी पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवला,
गोंद सुकून आपोआप पडेपर्यंत.

खटका लिहायला अवघड नसतो.
हो किंवा नाही. एक किंवा शून्य.
अवघड असतात त्याच्याखालचे शब्द.
'काढून टाका' म्हणता येत नाही, कारण ते जात नाही कुठेच,
यंत्राच्या तळाशी गाळासारखं पडून राहतं.
'झोपवा' कायदेवाल्यांनी खोडलं.
'लपवा' मलाच खटकलं.
उरलं 'बंद करा'.
शेजारचा ग्यु-तेक हळूच म्हणाला,
तुझं यादीत शेवटी सरकवू का?
लोक खालपर्यंत जात नाहीत.
मी नको म्हटलं. मग दिवसभर
नको का म्हटलं, याचा विचार केला.

मंगळवारी पहाटे अपडेट सुटलं.
दुपारी आकडे यायला लागले.
आलेख उतरत गेला, आणि तो मला ओळखीचा वाटला:
अमावास्येची मोठी ओहोटी,
सहा तास बारा मिनिटं,
उघडा पडत गेलेला लांबच लांब तळ.

रात्री आईला फोन केला.
बाबांना जाऊन चार वर्षं झाली. खाजणात आता ती जाते,
त्यांचेच बूट घालून, पुढे कापड कोंबून.
म्हटलं, नवीन अपडेट आलंय, घाई करू नकोस.
घेतलं की, ती म्हणाली,
कुम-सुनच्या नातवाने करून दिलं.
ते तुझं पाण्याचं होतं ना, तेही बंद केलं.
रागावलीस?

मग वेळ कशी कळते तुला?

भिंतीवर कॅलेंडर आहे मच्छीमार सोसायटीचं.
तुझे बाबाही तेच बघायचे.
फोनमधलं
तू येणार असलीस की उघडून ठेवायचे.

मग ती बॅटरीबद्दल बोलत राहिली,
आता संध्याकाळपर्यंत पुरते म्हणे,
मग लसणाच्या भावाबद्दल,
आणि मी समोरच्या इमारतीत
एकेका मजल्याचे दिवे जाताना बघत होते.

चार टक्के लोकांनी अजून बंद केलेलं नाही.
त्यांतल्या बहुतेकांना खटका सापडला नसणार.
पण नोंदींत एक ओळ आहे:
उलानबातर, रात्रीचे दोन.
कुणीतरी बंद केलेलं पुन्हा सुरू केलं,
नकाशावर जवळात जवळचा समुद्र शोधला,
अकरा मिनिटं उघडं ठेवलं.

का, ते विचारायची सोय
आम्ही ठेवलेली नाही.