तुरटी

रत्नमाला सकाळी गोळी पाण्यात विरघळवते,
चमचा ग्लासाला लागू न देता,
मग माझ्या गळ्याची घाटी हलेपर्यंत बघत राहते.
मी रागावत नाही. हलवतो.

दहा वाजेपर्यंत जिभेवर लोखंड येतं.
अजनीच्या शेडमध्ये सव्वीस वर्षं फिटर आहे,
लोखंड ओळखतो मी.
हे बिडाचं, झिजल्या ब्रेकच्या ठोकळ्याचं.
सावजीच्या रश्श्यात तेच,
संत्र्याच्या फोडीत तेच.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं,
दुपारी पेंगाल, डोकं धरेल,
आणि एक कागद दिला:
खोकल्याचं औषध नको, सिरक्यातला कांदा नको,
होमिओपॅथीचे थेंबसुद्धा नको.
दाढीनंतरचं पाणी नको.

सक्करदऱ्यात वाटकरचा हात
सवयीनं निळ्या बाटलीकडे गेला.
"ते नको."
"काऊन जी?"
बाकावरच्या दोघांनी पेपर खाली घेतला.
कूलर टपटपत होता.
कातडीला सोसत नाही, एवढं म्हणता आलं असतं.
म्हटलं, "गोळ्या चालू आहेत. दारूच्या."

तो काही बोलला नाही.
खालचा खण ओढून तुरटीचा खडा काढला,
घासून घासून कडा गेलेला,
ओला केला, गालावरून फिरवला.
झोंबलं. थंड वाटलं.
"माह्या भावासाठी ठेवला होता," म्हणाला,
आणि खडा पुसत बसला, बराच वेळ.

घरी रत्नमालानं
नेहमीसारखं नाक माझ्या गालाजवळ आणलं.
कशाचाच वास नव्हता.
ती तशीच उभी राहिली.