मालकाचं नाव

कॅमेरा माझा, हे खरं.
सीताबर्डीवर घेतला, हप्त्यानं.
दुकानातल्या पोरानं मेनूत शिरून
'मालक' या रकान्यात माझं नाव टाकून दिलं,
भास्कर ठेंगरी, इंग्रजीत, एक एच कमी.
तेव्हापासून आरमोरीच्या अलीकडचं प्रत्येक लग्न,
प्रत्येक बारसं, निराधार योजनेच्या अर्जावरचा प्रत्येक म्हातारा
पोटात माझं नाव घेऊनच निघतो.
दिसत नाही. असतं.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री
दिघोऱ्यांची प्रणाली आली, बारावीतली.
"एक दिस द्या ना जी कॅमेरा."
कायले, ते तिनं सांगितलं नाही,
मीही खोदून विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आला तेव्हा
बॅटरी भरलेली, पट्टा पुसलेला
आणि सोबत पळसाच्या पानात बांधलेले मूठभर झिंगे.
मी ते त्याच रात्री वांग्यात घालून खाल्ले.
याला भाडं म्हणतात,
हे फार उशिरा सुचलं.

कार्डात एकशे बारा फोटो. बहुतेक हललेले.
एक मात्र:
मामा तलाव, ऊन नुकतं सरळ झालेलं,
छातीभर पाण्यात तिची आई,
जाळं हवेत, अजून पुरतं गोल व्हायचं,
आणि खाली, काठाच्या चिखलावर,
फोटो काढणारीची सावली.
दोन वेण्या. कोपरं बाहेर.
श्वास रोखून धरलाय, हेसुद्धा कळतं सावलीवरून.

पतसंस्थेला कॅलेंडरसाठी
'काहीतरी आपल्या भागातलं' पाहिजे होतं.
मी पाठवला.
प्रेसवाल्यानं फोनवर विचारलं,
ती सावली कापू का, मधेच येते.
मी चहा पीत होतो.
म्हणालो, कापा.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात,
बारीक अक्षरात छापून आलं:
छाया — भास्कर ठेंगरी.

छाया!
तीस वर्षं हा शब्द मी पेपरात वाचतो,
कधी त्याच्या अर्थाजवळ थांबलो नव्हतो.

साडू माझा देसाईगंजच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतो.
म्हणाला, बटन ज्याचं बोट दाबते त्याचा फोटो.
कढई शेजाऱ्याची म्हणून
वडे शेजाऱ्याचे होत नाहीत, भाऊ.
मी म्हणालो, पण फोटोच्या पोटात माझं नाव आहे.
तो म्हणाला, पोटात जंतबी असतात.

कॅलेंडरचे पंधराशे रुपये
आणि न कापलेला फोटो, आठ बाय बारा, मॅट,
घेऊन गेलो दिघोऱ्यांकडे.
प्रणालीनं पैसे घेतले नाहीत, फोटो घेतला.
सावलीवर बोट ठेवून नुसती पाहत राहिली,
जशी एखादी गावची बाई परगावच्या बाजारात अचानक दिसावी.

आई चुलीपासून उठून आली.
"अन् मी? पाण्यात तं मी उभी होती जी."
"जाळं कोणाचं होतं पण, आई?"
"तुह्या मोठ्या बापाचं. मांगून आणलं होतं.
चौथा हिस्सा देल्ला ना त्याले मासोरीचा.
पण मासोऱ्या म्या धरल्या असं
तोबी कधी बोलला नाही."
एवढं म्हणून तिनं पैसे मोजले,
चौथा हिस्सा माझ्या हातावर परत ठेवला
आणि चुलीकडे गेली.

रात्री दुकानात मेनू उघडला.
नाव एकेक अक्षर मागून खोडत आणलं.
तिचं टाकावं म्हटलं तर
प्रणालीत किती ए, हे माहीत नाही.
रकाना तसाच सोडला.

मग मूळ फोटो पडद्यावर मोठा करून
कितीतरी वेळ शोधत होतो
यात माझं काय.
सापडलं.
डाव्या कोपऱ्यात, आभाळात, एक राखी ठिपका:
सेन्सरवर बसलेली धूळ,
जी मी वर्षभर साफ केली नाही,
दर लग्नाच्या आभाळातून नुसती पुसत आलो.
इथं मात्र ती तशीच आहे.
पोरीला वाटलं असेल, घार आहे.