धुण्याची वही

‘हेस्पेरा’ मी पाण्यावर क्वचितच पाहिली.
मला ती पोत्यांतून यायची,
साउदम्प्टनच्या नॉर्थम रस्त्यावर, दर तिसऱ्या मंगळवारी,
आधी घोडागाडीतून, पुढे लॉरीतून.
अठरा हजार नग.
मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे.

पहिल्या वर्गाच्या टेबलक्लॉथवर लाल वाइन,
अभ्र्यांवर ओठांचा रंग,
एकदा रुमालात गुंडाळलेला सोन्याचा दात,
तो मी परत केला. कुणी मागितला नाही.
तिसऱ्या वर्गाच्या चादरींना मात्र डाग नसत.
ती माणसं कोटासकट निजत असावीत,
नवा देश येईपर्यंत
आपल्या हातून काही खराब होऊ नये म्हणून.

आमच्या बंदरात भरती लागोपाठ दोनदा येते.
ओसरू लागलेलं पाणी
काहीतरी विसरल्यासारखं माघारी फिरतं.
मुकादम गॅमन म्हणायचा, या विसराळूपणावर
अख्खं गाव जेवतं.

एकोणचाळीसच्या सप्टेंबरात शेवटची पोती आली
करड्या रंगाच्या थेंबांनी भरलेली.
रंगाऱ्यांनी हात पुसायला हाताशी येईल ते ओढलं होतं.
टेबलक्लॉथ डांबराच्या गोळ्या घालून पेटीत गेले.
मग वहीत चार वर्षं कोरी.
बोट कुठे आहे, हे विचारायचं नव्हतं.
आम्ही सैन्याचे सदरे धुतले, इस्पितळाची बँडेजं धुतली,
छप्पर उडाल्यावर आठवडाभर
आभाळाखाली इस्त्री केली.

चव्वेचाळीसला ती आली. आता फक्त घोंगड्या.
एका बिछान्यात तिघे, पाळीपाळीने;
लोकरीला गार व्हायलासुद्धा सवड नाही.
इंजिनाचं तेल, ओकारी, आणि तो दुसरा डाग,
ज्याला गरम पाणी लावायचं नसतं.
दोनशे बारा नग कमी.
‘कारण लिही, डॉर्कस,’ गॅमन म्हणाला.
बोटीवर मेलेल्या माणसाला कशात गुंडाळून सोडतात
हे त्यालाही ठाऊक होतं.
मी लिहिलं : फाटल्या.

सेहेचाळीसला लंगोट!
अमेरिकन नवऱ्यांकडे निघालेल्या आमच्याच पोरी,
कडेवर त्यांची पोरं.
इतकं हसत मी कधी धुतलं नाही.
बोट पुन्हा पांढरी झाली, पेट्या उघडल्या,
कापडांना डांबराचा वास येतो म्हणून
प्रवाशांची तक्रार आली.

पुढे लोक विमानाने जाऊ लागले.
मला कुणी सांगावं लागलं नाही,
पोतीच हलकी झाली.
एके दिवशी तिला स्कॉटलंडला ओढून नेली, तोडायला.
निरोपाला बँड होता म्हणे. माझी पाळी होती.

लिलावात चार शिलिंगला एक टेबलक्लॉथ घेतला.
कोपऱ्यात ‘ह’ विणलेला,
आणि छत्तीस सालचा तो वाइनचा डाग,
एवढा एकच, जो माझ्या हातून निघाला नव्हता.

रविवारी तो अंथरते. ताट बरोबर डागावर ठेवते.
वही टपात, निळीच्या पुड्यांखाली आहे.
बाकी सगळे नग जुळतात.