हात

म्हसवडच्या आमच्या मटणाच्या दुकानात
कुत्र्यांसाठी शब्द एकच होता : हाड.
हाकलायला तोच,
आणि संध्याकाळी ठोकळा धुऊन झाल्यावर
बाप फळीखाली टाकायचा, तेही हाडच.
कुत्री फरक ओळखायची, आवाजावरून.

इथे अल धैदला, खल्फानच्या शेतावर,
शब्द आहे हात.
अरबीत त्याचा अर्थ : दे, आण इकडे.
मला मात्र मराठीतलाच ऐकू येतो.

लाहिक आठ महिन्यांचा. जातीचा सलुकी.
बरगड्या लांबून मोजाव्यात,
कानांना बारीक झालर.
सगळे सांगायचे, सलुकी पळतो, आणत नाही.
खल्फानला आणणाराच हवा होता.

पहाटे साडेचारला, वाळू गार असते तेव्हा,
मी गोणपाटाची गुंडाळी फेकायचो,
दोऱ्याने बांधलेले तिला कबुतराचे पंख.
तो सुटायचा, उचलायचा,
आणि गाफच्या झाडाखाली बसून
एकेक पीस उपटायचा, निवांत.
मी मागे धावलो की त्याला खेळ मिळायचा.
आठवडाभर पळवलं त्यानं मला.
"शिकतंय कोण?" दादमुराद म्हणाला.

दादमुराद मकरानचा, पूर्वी उंटांवर होता.
त्यानं खांदे धरून मला उलटं फिरवलं.
"पाठ कर. चालू लाग.
वळून बघितलंस की गेलं सगळं."

पाठ करून चालणं मला येतं.
सहा वर्षांपूर्वी म्हसवडच्या स्टँडवर
तेच तर केलं होतं.
तेव्हा मागून कुणी आलं नव्हतं.

या वेळी आलं.
आधी धाप, मग पोटरीला ओलं नाक.

पुढचं सावकाश.
तोंडातून ओढायचं नाही.
तळवा हनुवटीखाली धरायचा
आणि त्याच्या मनात येईपर्यंत थांबायचं.
मग अंडं, कच्चं.
पहिली तीन त्यानं फोडली, चाटली,
माझ्याकडे बघितलं, पुढचं कधी म्हणून.
चौथं आलं लाळेत गुंडाळून, कोमट, अख्खं.
ते मी खाल्लं नाही.
खोलीच्या खिडकीत ठेवलं,
बाकीचे पाचजण वास आला म्हणेपर्यंत.

शुक्रवारी खल्फान आला, दोन पाहुणे घेऊन.
खुर्च्या मांडल्या, गाव्हा ओतला गेला.
खल्फाननं स्वतः फेकलं मेलेलं कबूतर,
लांब, खजुरांच्या ओळीपलीकडे.
"हात!"

लाहिक गेला. लाहिक परत फिरला.
खल्फाननं तळवा पुढे केला होता.
लाहिक त्या तळव्याशेजारून, खुर्च्यांशेजारून,
सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

मी हात मागे बांधले.
वाळूकडे बघितलं.
शेवटी त्याच्याकडे पाठ केली,
आणि चुकलो,
कारण पाठ म्हणजे ये,
हे मीच शिकवलं होतं त्याला.
तो वळसा घालून पुन्हा समोर.

पाहुणे हसले. खल्फान नाही.

तोंडातल्या तोंडात मी म्हणालो, हाड.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.
पण लाहिकला कुठलं मराठी.
त्याला ऐकू आलं ते शिकलेलंच.
त्यानं मान वर केली, जबडा सैल केला,
आणि माझा हात, मी न सांगता,
त्याच्या हनुवटीखाली गेलेला होता.

कबूतर घेऊन मी खुर्चीपर्यंत गेलो,
वाकलो,
खल्फानच्या तळव्यावर ठेवलं.
त्यानं ते उलटून पाहिलं.
एकही पीस निघालेलं नव्हतं.