खांद्यापर्यंत

ओहोटी लागली की बाप सदरा काढतो,
अंगाला डिझेल चोपडतो, डासांसाठी,
आणि खारफुटीच्या मुळांमध्ये
चिखलावर कुशीवर निजतो.
हात बिळात.
मनगट, कोपर, खांदा.
गाल चिखलाला टेकलेला.
डोळे उघडे, पण कामाचे नाहीत.

कायेते नदीच्या मुखाशी सगळे त्याला ओळखतात:
ओझिमार, उजव्या हाताची नखं नसलेला.
बिळाच्या तोंडाशी उकिडवा बसून सांगतो
माती रात्रीच उपसलीय.
रेघा खोल आहेत, नर आहे, केसाळ पायांचा.
पिवळं पान अर्धं आत, अर्धं बाहेर:
जेवतोय, थांबू.
आणि तोंड लिंपून घेतलेलं असेल तर
पाऊलसुद्धा वाजवत नाही.
आत कुणीतरी कात टाकतंय,
लोण्यासारखं मऊ, दाराला कडी घालून.

मी झुलेइका बाईंच्या हाताखाली, रोजावर.
त्या विद्यापीठातून येतात, बुटांत चिखल घेऊन जातात.
आम्ही रिकाम्या बिळांत प्लास्टर ओततो,
दुसऱ्या ओहोटीला खणतो.
निघतं ते पांढरं, वाकडं, जड,
अंधाराचं हाड म्हणावं तसं.
मी ब्रशनं धुते, नंबर घालते.
सतरा नंबर: एक वळण, तळाशी एक खोली,
प्लास्टरमध्ये अडकलेली पानं अकरा.

सतरा नंबर मी एका रात्रीपुरता मागून घरी आणला.
बापानं मेणबत्ती नको म्हटलं.
डोळे मिटून हात फिरवला वरून खाली.
"इथं तो मागे सरतो.
इथं नांगी आडवी धरतो.
हे बघ, हे," आणि करंगळीवरचा व्रण दाखवला,
जणू दोघांनी मिळून केलेलं काम.

मग खांदा प्लास्टरच्या तोंडाशी लावून
हात सरळ सोडला त्याच्या कडेनं.
बोटं थांबली.
बीळ पुढे गेलं होतं.
चार बोटं. फार नाही, चार बोटं.

चाळीस वर्षं
हाताला लागून निसटलेले सगळे
तिथे बसले होते, पाय आखडून,
वरच्या माणसाचा श्वास ऐकत.
खेकड्यांनी चार बोटं हातची राखली होती.

बाप बराच वेळ काही बोलला नाही.
मग हसला, म्हणजे नाकातून वारा सोडला.
"भले," म्हणाला. कुणाला, कळलं नाही.
मग माझ्याकडे वळून, जरा रागानं:
"बीळच उपटून आणलंत. उद्या तो परत आला तर?"

मी म्हटलं, रिकामंच होतं, बाबा.
"रिकामं," तो म्हणाला,
"अकरा पानं साठवून कोण जातं?"

आईनं भाताचं पातेलं आणलं.
हे टेबलावरून उचला आधी, म्हणाली.
आम्ही दोघांनी उचललं,
त्यानं खोलीकडून, मी तोंडाकडून,
आणि दाराबाहेर ठेवलं,
उताणं.